सिझरनंतरचा अकरावा दिवस: डाव्या पायातल्या गुठळीचं प्रकरण

वय ३६, दुसरं बाळंतपण, राहणार काळाचौकीतल्या एका जुन्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. नोकरी पतपेढीत कॅशियरची, म्हणजे दिवसाचे सात-आठ तास खुर्चीत. थोरला मुलगा नऊ वर्षांचा. ते बाळंतपण नॉर्मल. या खेपेस दिवस राहण्याआधी वजन ७६ किलो, उंची पाच फूट एक इंच, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, साधारण ३२. नऊ महिन्यांत साखर ठीक, बीपी ठीक, हिमोग्लोबिन थोडं कमी. सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट चांगले. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. सोळा तास होऊनही पिशवीचं तोंड पुरेसं उघडेना आणि बाळाचे ठोके खाली जायला लागले, तेव्हा रात्री तातडीचं सिझर झालं, स्पायनल देऊन, म्हणजे पाठीत सुईने भूल देऊन. बाळ सुखरूप. पण पिशवी लवकर आवळली नाही, एक लिटरच्या वर रक्त गेलं आणि दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. त्या रात्री तिथल्या डॉक्टरांनी जे केलं त्यानेच ती वाचली, हे आधीच सांगतो. चौथ्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर अँटिबायोटिक, दुखण्याची गोळी, लोह, कॅल्शियम, आठव्या दिवशी टाके काढायला या, आणि शेवटी ‘भरपूर विश्रांती’.

ही विश्रांती घरी कशी घेतली जाते, ते पाहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात कॉट. मे महिना, पत्र्याखालची चाळ, त्यात वारा लागू नये म्हणून पंखा बंद आणि कानाला रुमाल. संडास गॅलरीच्या टोकाला, सामाईक. पोटावर ताजे टाके घेऊन तिथवर चालत जायचं, रांग असेल तर उभं राहायचं, परत यायचं. म्हणून तिने स्वतःच पाणी कमी केलं. गावाहून आलेल्या तिच्या आईचंही म्हणणं होतं, बाळंतिणीने जास्त पाणी पिऊ नये, पोट सुटतं. दिवसभरात मिळून तीन-चार भांडी पाणी, तेही कोमट. बाकी वेळ आडवी. बाळाला पाजायलासुद्धा कुशीवर झोपूनच. घरच्यांनी तिच्या जिवाला जपण्यासाठीच हे सगळं केलं, यात मला तिळमात्र शंका नाही.

आठव्या दिवशी टाके काढायला गेली तेव्हा कंबर आणि डावं ढुंगण दुखतंय असं तिने सांगितलं. उत्तर मिळालं, स्पायनल दिलंय ना, दुखणारच, जाईल. नवव्या दिवशी दुखणं डाव्या मांडीत उतरलं. घरी ठरलं, नस आखडली असेल. बाम चोळला, गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं. दहाव्या दिवशी संडासहून परतताना तिला धाप लागली आणि ती मधेच शेजारणीच्या स्टुलावर टेकली. रक्त एवढं गेलंय, अशक्तपणा राहणारच, असं सगळे म्हणाले. प्रत्येक तक्रारीला पटेल असं कारण तयार होतं, आणि तिने ती प्रत्येक तक्रार अंगावर काढली.

अकराव्या दिवशी मालीशवाली मावशी आली. बाळाला न्हाऊ-माखू घालायला ती पाचव्या दिवसापासूनच येत होती; आईच्या हातापायांना तेल लावायचं त्या दिवशी ठरलं होतं. उजवा पाय झाला. डाव्या पायाला तेलाचा हात लावला आणि तिने काढून घेतला. पुन्हा उजव्या पायावर ठेवला, पुन्हा डाव्यावर. मग हात पुसत उठली. “वैनी, या पायाला मी हात लावनार नाय. दोन पाय सारखे नायत. ह्यो तापलाय आन टणक झालाय. पयले डाक्टरला दाखवा.” आई म्हणाली, अगं बाळंतपणात सूज येतेच. मावशी म्हणाली, “येते, पन दोनी पायांना येते.”

वैद्यकीय पुस्तकात याहून नेमकं वाक्य मी वाचलेलं नाही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर पायांवर सूज येणं नेहमीचं आहे; ती दोन्ही पायांवर असते, संध्याकाळी वाढते, रात्रभर पाय वर ठेवले की सकाळी उतरते. एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला किंवा त्याचा रंग बदलला, तर ते दुसरं काही ठरेपर्यंत शिरेतल्या रक्ताच्या गुठळीचंच लक्षण समजायचं. आणि गुठळी असलेल्या पायाला चोळणं म्हणजे ती सुटून फुप्फुसाकडे जाण्याला वाव देणं. मावशी चोळायला बसली असती तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

माझा दवाखाना त्याच गल्लीत आहे. मी वर गेलो. डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत भरलेला, कातडी ताणून चकाकत होती, किंचित निळसर झाक. घरात शिवणाचं मशीन होतं, त्यातली टेप घेतली. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली खूण करून दोन्ही पोटऱ्या मोजल्या: उजवी साडेसदतीस, डावी एक्केचाळीस. दोन सेंटिमीटरच्या वर फरक गेला की पाल चुकचुकायला हवी. इथे साडेतीन होता. नाडी ११६, श्वास मिनिटाला २४, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९४. खोल श्वास घेतल्यावर उजव्या बरगडीखाली टोचतं का विचारलं तर म्हणाली, “हो डॉक्टर, कालपासून. मला वाटलं गॅस असेल.”

आधी जवळच्या सेंटरवर डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी करू आणि मग ठरवू, असा एक रस्ता होता. नुसता पाय सुजला असता तर तोही चालला असता, त्याच दिवशी होणार असेल तर. पण सोबत धाप होती, नाडी पळत होती. अशा बाळंतिणीला रिपोर्टची वाट पाहत बाकावर बसवायचं नसतं. १०८ ला फोन लावला. जिना अरुंद, स्ट्रेचर वळेना. मंडळाच्या चार पोरांनी तिला खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं. एक पाऊलही चालू दिलं नाही. परळच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचायला फार वेळ लागला नाही. बाळ आणि आजी मागून टॅक्सीने गेले.

रुग्णालयात काय झालं

कॅज्युअल्टीत शंका दाट दिसताच, तपासणी व्हायच्या आधीच, हेपरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, पहिला डोस दिला गेला. हेच योग्य. सिझर होऊन अकरा दिवस झाले होते, टाके कोरडे होते, नव्याने रक्तस्राव नव्हता. थांबून फायदा नव्हता, तोटा मात्र जिवावरचा होता.

डॉपलरमध्ये प्रोबने हलका दाब दिला की निरोगी शीर चपटी होते. आत गुठळी असेल तर ती दबत नाही. तिची डाव्या जांघेतली मोठी शीर दबली नाही, गुडघ्यामागचीही नाही, आणि गुठळी वर ओटीपोटातल्या शिरेपर्यंत गेलेली दिसली. छातीच्या सीटी अँजिओग्राफीत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातल्या एका शाखेत गुठळीचा तुकडा होता. म्हणजे पायातली डीव्हीटी (खोल शिरेतली गुठळी) आणि तिथून सुटून फुप्फुसात अडकलेला तुकडा, पल्मनरी एम्बोलिझम. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, उजवी बाजू ताणलेली नव्हती, बीपी टिकून होतं. म्हणून गुठळी विरघळवणारं जोरकस औषध द्यावं लागलं नाही. ताज्या सिझरमध्ये त्या औषधाने पोटात रक्तस्रावाचा धोका मोठा असतो. ते जीव धोक्यात असेल तेव्हाच वापरतात.

डी-डायमर केला का, असं तिच्या नवऱ्याने नेटवर वाचून विचारलं. एरवी ही रक्ततपासणी नॉर्मल आली तर गुठळीची शक्यता मागे पडते. पण गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ती तशीही वाढलेली असते, त्यामुळे वाढलेल्या आकड्यावरून काही ठरत नाही. इथे डॉपलर हीच तपासणी. दुसरा प्रश्न आईचा होता: सीटीसाठी शिरेतून औषध दिलं, आता अंगावर पाजायचं की नाही? त्या औषधाचा अगदी नगण्य अंश दुधात उतरतो. दूध काढून फेकायची गरज नाही. त्याच संध्याकाळी तिने बाळाला पाजलं.

गुठळी का झाली, आणि डावीकडेच का

दिवस भरत आले की वारेच्या जागी दर मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त खेळत असतं. वार सुटल्यावर तिथला रक्तस्राव थांबलाच नाही तर बाई काही मिनिटांत जाईल. म्हणून शरीर नऊ महिने तयारी करतं: रक्त गोठवणारे घटक, विशेषतः फायब्रिनोजेन आणि फॅक्टर आठ, वाढतात, गोठण्याला आवर घालणारं प्रोटीन एस कमी होतं, झालेली गुठळी विरघळवण्याची ताकद मंदावते. ही तयारी बाळंतपणाच्या दिवशी संपत नाही, ओसरायला आठवडे लागतात. त्यात वाढलेलं गर्भाशय ओटीपोटातल्या शिरा दाबतं आणि पायांतलं रक्त संथ होतं. सिझरमध्ये आसपासच्या शिरांना इजा होते ती वेगळीच. रक्त गोठण्याचा वाढलेला कल, संथ झालेला प्रवाह आणि शिरेच्या भिंतीची इजा ही तीन कारणं एकोणिसाव्या शतकातला जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरशॉव याच्या नावाने ओळखली जातात. बाळंतीण हे असं माणूस आहे जिच्यात तिन्ही एकाच वेळी हजर असतात.

डावीकडचं कारण शरीररचनेत आहे. डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेवरून उजव्या पायाची धमनी आडवी जाते आणि तिला मागच्या मणक्यावर दाबते. गरोदरपणात हा दाब वाढतो. त्यामुळे गरोदर बायकांच्या पायातल्या गुठळ्या बहुतांशी डाव्या बाजूच्या असतात, आणि पुष्कळदा त्या पोटरीत नव्हे तर ओटीपोटात सुरू होतात. म्हणूनच तिचं पहिलं दुखणं पायात नव्हतं. ते कंबरेत, ढुंगणात होतं, आणि स्पायनलच्या नावावर खपलं.

हजार गरोदरपणांमागे एक-दोन बायकांना असं होतं. आकडा लहान वाटतो, पण त्याच वयाच्या गरोदर नसलेल्या बाईच्या तुलनेत धोका चार-पाचपट असतो. त्यातला सगळ्यात जोखमीचा काळ बाळंतपणानंतरचे पहिले ६ आठवडे, त्यातही पहिले ३. बाराव्या आठवड्यापर्यंत थोडी जोखीम उरते. आपल्याकडे नेमक्या याच काळात बाई दवाखान्यातून बाहेर आणि घरात आडवी असते.

कुणीच न केलेली बेरीज

ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत जोखमीला गुण दिले आहेत. त्यानुसार हिची बेरीज केली. वय पस्तिशीच्या वर: १. बीएमआय ३० च्या वर: १. कळा सुरू असताना केलेलं सिझर: २. एक लिटरच्या वर रक्तस्राव आणि रक्त चढवणं: १. झाले ५. बाळंतपणानंतर २ गुण झाले तरी किमान १० दिवस हेपरिनचं छोटं इंजेक्शन द्यावं, असं ती मार्गदर्शिका सांगते. अमेरिकेतल्या तज्ज्ञसंस्था इतक्या सढळ नाहीत. तिथे सिझरवेळी पायांना हवेच्या दाबाच्या पट्ट्या आणि निवडक बायकांना इंजेक्शन असा कल आहे. मतभेद खरे आहेत. पण पाच गुणांच्या बाईबद्दल निदान प्रश्न तरी विचारला जायला हवा होता.

तो का विचारला गेला नाही, हे मला समजू शकतं. आपल्या देशात बाळंतिणी सगळ्यात जास्त दगावतात त्या रक्तस्रावाने. ज्या डॉक्टरने रात्री दोन वाजता रक्त थांबता थांबत नाही हे डोळ्यांनी पाहिलंय, तो रक्त पातळ करणारं औषध लिहायला कचरणारच. त्यात आपल्या लोकांना गुठळीचा आजार फारसा होत नाही, हा समज अजून टिकून आहे. पण जास्त रक्त गेलेली बाई गुठळीच्याही जास्त जोखमीत असते. पहिल्या रात्री इंजेक्शन थांबवणं योग्यच. रक्तस्राव आटोक्यात आला की कुणीतरी त्या निर्णयाकडे पुन्हा वळायला हवं. इथे वजन एका कागदावर होतं, वय दुसऱ्या, रक्त चढवल्याची नोंद तिसऱ्या कागदावर. घरी काय चाललंय, पाणी किती पितेय, उठते किती, हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

बेरजेतला आणखी एक आकडा नंतर सापडला. वॉर्डात मी भेटायला गेलो तेव्हा तिच्या आईला सहज विचारलं, घरात कुणाला असं झालं होतं का? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मलाच. हिच्या धाकट्या बहिणीच्या वेळी. डावाच पाय. चार महिने जमिनीला टेकवता येत नव्हता. गावात म्हणाले वात भरलाय, लेप लावले. अजून संध्याकाळी जड होतो.” मग तिने लुगडं घोट्याच्या वर घेतलं. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट आणि चामड्यासारखी जाड झालेली. शिरेच्या झडपा गुठळीने खराब झाल्या की वर्षानुवर्षांनी अशीच खूण उरते. मी म्हटलं, “आजी, हे आधी का नाही सांगितलंत?” ती म्हणाली, “कोणी विचारलंच नाही.”

घरचे तीन महिने

सुरुवातीला एनॉक्सापॅरिनची (हेपरिनचाच एक प्रकार) इंजेक्शनं, किलोला एक मिलिग्रॅम या हिशोबाने, दर बारा तासांनी. तिचं वजन तेव्हा ८० किलो, म्हणून ८० मिलिग्रॅम. ती महाग पडत होती, म्हणून सोबत रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी सुरू केली. गोळीचा असर चढायला वेळ लागतो. निदान पाच दिवस दोन्ही चालू ठेवून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) २ च्या वर स्थिर झाल्यावरच इंजेक्शन बंद केलं. पुढे आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा. दोन्ही औषधं अंगावर पाजणाऱ्या आईला चालतात. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या, रिव्हारोक्साबानसारख्या, वारंवार तपासणी लागत नाही म्हणून सोयीच्या वाटतात, पण पाजणाऱ्या आईला त्या देत नाहीत.

इंजेक्शन द्यायला नवरा शिकला. पोटाच्या बाजूची कातडी चिमटीत धरायची, सिझरच्या टाक्यांपासून लांब. सुई सरळ उभी घालायची. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा छोटा बुडबुडा काढायचा नाही. औषध पूर्ण जाईपर्यंत चिमूट सोडायची नाही. नंतर चोळायचं नाही. पहिल्या दिवशी त्याचा हात थरथरत होता. तिसऱ्या दिवशी तो नर्सला सांगत होता, आज डावी बाजू, काल उजवी झाली.

खाण्याबद्दल घरात खरी चर्चा झाली. बाळंतिणीच्या ताटात मेथी, शेपू रोज असतात. हिरव्या पालेभाज्यांतलं जीवनसत्त्व के वॉरफरिनचा असर कमी करतं. पण भाजी बंद करायची नसते. एक दिवस वाटीभर आणि चार दिवस काहीच नाही, असं करायचं नाही. रोज साधारण तेवढीच खायची आणि डोस त्याप्रमाणे बसवून घ्यायचा. डिंकाचे, अळिवाचे लाडू थोडे थोडे चालतील म्हटलं. कंबरदुखीवर दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मात्र सक्त बंद, आणि ओळखीच्या वैद्याचा काढाही. दात घासताना रक्त, काळी शौच, बाळंतपणाचा रक्तस्राव पुन्हा वाढणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच यायचं.

पाणी वाढलं. त्यासाठी खोलीत कमोडची खुर्ची आणली, भाड्याने. पंखा सुरू झाला. रोज सकाळ-संध्याकाळ गॅलरीत एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फेऱ्या, पायात दाबाचा मोजा. गुठळी झाल्यावर चालायचं नसतं हा गैरसमज आजीच्या मनातून काढायला मला बराच वेळ लागला. उपचार सुरू होऊन प्रकृती स्थिर असेल तर चालणंच बरं.

सूज महिनाभरात पुष्कळ उतरली, धाप त्याआधीच गेली. तीन महिन्यांनी औषध थांबवलं, कारण गुठळीचं निमित्त स्पष्ट होतं आणि ते संपलं होतं. पतपेढीत परतल्यावर दिवसाअखेर पाय जड होतो, अजूनही. ते कदाचित राहील. मूळ जोखीम शोधणाऱ्या रक्ततपासण्या आजारात केल्या नाहीत: प्रोटीन एस बाळंतपणात कमीच दिसतं, आणि हेपरिन-वॉरफरिनमुळे बाकीचे आकडेही फसवतात. त्या औषधं थांबल्यानंतर, काही आठवड्यांनी करायच्या ठरल्या.

दोन गोष्टी तिच्या फाइलवर ठळक अक्षरांत लिहिल्या. एक, इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी यापुढे कधीच नाही. दोन, पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत हे सांगायचं. त्या वेळी सुरुवातीपासून बाळंतपणानंतर ६ आठवड्यांपर्यंत हेपरिनची इंजेक्शनं लागतील. गोळी नाही, कारण वॉरफरिन वारेतून बाळापर्यंत पोहोचतं आणि त्याला इजा करू शकतं. हेपरिन वार ओलांडत नाही. स्पायनलच्या आधी इंजेक्शन किती तास बंद ठेवायचं, प्रतिबंधक डोस असेल तर बारा आणि उपचाराचा असेल तर चोवीस, हेही भूलतज्ज्ञांशी आधीच बोलून ठरवावं लागेल.

धाकटी बहीण कल्याणला असते, तिला तेव्हा पाचवा महिना होता. तिच्या डॉक्टरांच्या नावाने मी चिठ्ठी लिहून दिली: आईला आणि सख्ख्या बहिणीला बाळंतपणानंतर डाव्या पायाचा त्रास, बहिणीला गुठळी सिद्ध. आठवड्याभराने त्यांचा फोन आला. बहिणीचं वजन, वय, नाडी सगळं त्यांनी नव्याने तपासलं होतं आणि विचारत होते, आजींच्या पायाचा एक डॉपलर करून घेता येईल का?

तो आम्ही करून घेतला. डाव्या मांडीतल्या शिरेत जुन्या गुठळीच्या खुणा होत्या.